घड्याळ एक तास मागे, पण यूटीसी बरोबर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि वेळ जर्मनीची हवी आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे उन्हाळी वेळ सुरू झाली, म्हणजे सगळी घड्याळे ऑक्टोबरपर्यंत एक तास पुढे गेली. तेव्हापासून विंडोजमधून लिनक्समध्ये आले की पहिले मिनिटभर वेळ बरोबर दिसते आणि मग आपोआप एक तास मागे जाते. ‘डेट -एस’ ही घड्याळ लावण्याची कमांड वापरून हाताने बरोबर केली तरी थोड्याच वेळात पुन्हा मागे. इंटरनेटवरच्या एनटीपी सर्व्हरला वेळ विचारून घड्याळ जुळवायला, म्हणजे सिंक करायला, सिस्टमडी-टाइमसिंकडी हा प्रोग्राम आहे. ते बंद केले की घड्याळ बरोबर राहते, पण मग याच संगणकावरच्या पासवर्ड मॅनेजरमधून निघणारा सहा आकडी लॉगिन कोड चुकीचा म्हणून नाकारला जातो. एनटीपी सर्व्हर चुकीची वेळ देतो आहे का, आणि दुसरा कोणता लावावा, अशी विचारणा आहे.

सर्व्हर बदलू नका आणि सिंकही बंद ठेवू नका. तुम्ही सांगितलेल्या हकिगतीत बरोबर वेळ फक्त एनटीपीच देतो आहे. चूक दुसऱ्या दोन जागी आहे. त्या दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून हिवाळाभर काही जाणवले नाही.

लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, उन्हाळी वेळ नावाची गोष्ट माहीतच नाही. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून यूटीसीनुसार (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा तो सांभाळतो. २९ मार्च २०२६ चे उदाहरण घ्या. तो आकडा १७७४७४५९९९ असताना बर्लिनचे घड्याळ रात्रीचे १:५९:५९ दाखवते. पुढच्याच सेकंदाला, म्हणजे १७७४७४६००० ला, ते ३:००:०० दाखवते. मधला तास फक्त माणसांच्या घड्याळातून गेला. कर्नलने नेहमीसारखा एक मिळवला आणि तो पुढे गेला. आकड्यावरून ‘तीन वाजले’ असे ठरवण्याचे काम सी लायब्ररी (प्रोग्राम वापरतात तो सामाईक कोड) करते. त्यासाठी ती /ईटीसी/लोकलटाइम ही फाइल वाचते आणि त्या फाइलमध्ये त्या प्रदेशाचे नियम असतात.

एनटीपीही फक्त यूटीसीच बोलतो. त्याच्या पॅकेटमध्ये लीप सेकंदाची (यूटीसीत कधीतरी घातला जाणारा जादा सेकंद) आगाऊ सूचना द्यायला दोन बिट राखून ठेवले आहेत, पण टाइमझोनसाठी किंवा उन्हाळी वेळेसाठी जागाच नाही. त्यामुळे एखादा सर्व्हर ‘उन्हाळी वेळ विसरला’ असे होत नाही. तुम्ही न्यूयॉर्कमधल्या सर्व्हरला विचारा नाहीतर टोकियोतल्या, आकडा तोच येणार.

म्हणून माझी पहिली कमांड नेहमी ‘डेट -यू’ असते. ती यूटीसी वेळ दाखवते. शेजारी खात्रीच्या ठिकाणची यूटीसी वेळ ठेवायची आणि दोन्ही पडताळायच्या. यूटीसी बरोबर असून नुसती ‘डेट’ चुकीची दिसत असेल, तर दुखणे टाइमझोनचे आहे आणि सिंकला हात लावायचा नाही. यूटीसीच चुकली असेल, तरच सिंककडे आणि मदरबोर्डवरच्या घड्याळाकडे वळायचे. हा एक फाटा नीट निवडला नाही तर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे तासन्‌तास चालते.

तुमच्या बाबतीत हा फाटा मी इथे बसूनही निवडू शकतो, कारण तुम्ही त्या सहा आकडी कोडचा उल्लेख केला आहे. तो कोड वेळेवरून तयार होतो. साधारणपणे दर ३० सेकंदांनी तो बदलतो आणि त्याच्या गणितात यूटीसीचे सेकंद जातात, भिंतीवरच्या घड्याळाचे तास जात नाहीत. सिंक चालू असताना कोड चालतो, म्हणजे तेव्हा यूटीसी बरोबर आहे. सिंक बंद असताना घड्याळ बरोबर दिसते, पण कोड नाकारला जातो, म्हणजे तेव्हा यूटीसी चुकलेली आहे. स्क्रीनवरचा आकडा तुम्हाला उलटी दिशा दाखवत होता. (ऑफिसच्या नेटवर्कवर कर्बेरॉस (लॉगिन तपासणारी व्यवस्था) असेल तर तोही असाच साक्षीदार आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.)

आता ‘टाइमडेटसीटीएल’ एवढेच टाइप करा आणि दोन ओळी वाचा. एक टाइमझोनची आणि दुसरी शेवटची, ‘आरटीसी इन लोकल टीझेड’ अशी. आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचे घड्याळ, आणि त्यात स्थानिक वेळ आहे का ते ही ओळ सांगते. माझा अंदाज असा की टाइमझोनच्या ओळीत ‘यूरोप/बर्लिन’ नसेल. तिथे ‘ईटीसी/जीएमटी-१’ किंवा यूटीसीच्या वर्षभर एक तास पुढे असणारा एखादा झोन असेल, उदाहरणार्थ ‘आफ्रिका/लागोस’. शेवटच्या ओळीत ‘येस’ असेल. या दोन गोष्टी एकत्र आल्या की तुम्ही सांगितलेले सगळे जसेच्या तसे घडते. कसे, ते आकड्यांतून दाखवतो.

समजा खरी यूटीसी वेळ दुपारचे १२ आहे. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ यूटीसीच्या दोन तास पुढे असते, म्हणजे तिथे १४ वाजले आहेत. विंडोजची मूळ सवय मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिण्याची आहे. २९ मार्चनंतर त्याने ते घड्याळ एक तास पुढे सरकवले, त्यामुळे आता त्या घड्याळात १४ आहेत. तुम्ही लिनक्स सुरू करता. ‘मदरबोर्डवरची वेळ स्थानिक आहे’ असे लिनक्सला सांगून ठेवलेले आहे, म्हणून यूटीसी काढण्यासाठी तो आपल्या झोनचा फरक वजा करतो. पण त्याचा झोन वर्षभर एकच तास धरणारा आहे. १४ मधून १ गेला, यूटीसी १३. ही चूक आहे. स्क्रीनवर दाखवताना तोच एक तास तो परत मिळवतो आणि तुम्हाला १४ दिसतात. दोन चुका एकमेकींत विरल्या आणि घड्याळ बरोबर दिसले. मिनिटभराने नेटवर्क जोडले जाते, टाइमसिंकडी सर्व्हरला विचारते आणि यूटीसी १२ वर आणते. आता एक तास मिळवून स्क्रीनवर १३ दिसतात आणि तुम्हाला वाटते की एनटीपीने वेळ बिघडवली. खरे तर त्याने एक चूक दूर केली आणि दुसरी उघडी पडली.

हिवाळ्यात हे का दिसले नाही तेही यातूनच कळते. तेव्हा जर्मनीचा फरक खरोखरच एक तासाचा असतो, म्हणून तोच कायमचा एक तास योगायोगाने बरोबर ठरत होता.

‘ईटीसी/जीएमटी-१’ या नावाबद्दल दोन शब्द, कारण यात चांगले अनुभवी लोकही फसतात. या कुटुंबातल्या नावांची चिन्हे आपल्या बोलण्याच्या उलट आहेत. ‘जीएमटी-१’ म्हणजे यूटीसीच्या एक तास पुढे. आणि अशा झोनना उन्हाळी वेळ कधीच लागत नाही. ‘ईएसटी’ या तीन अक्षरी नावाचेही तसेच. तो वर्षभर पाच तास मागेच राहतो, न्यूयॉर्कबरोबर उन्हाळ्यात पुढे सरकत नाही. नेहमी खंड आणि शहर असलेले नावच निवडावे. त्या नावामागे नियम आणि त्यांचा इतिहास असतो, नुसत्या फरकामागे काहीच नसते.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन यूरोप/बर्लिन’. मग ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’. मिनिटभर थांबा आणि ‘सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड’ समोर ‘येस’ आले आहे याची खात्री करा. त्यानंतरच ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०’ चालवा. ही कमांड, तिला वेगळे काही सांगितले नसेल तर, सिस्टमची वेळ मदरबोर्डवरच्या घड्याळात लिहिते. सिस्टमची वेळ तोवर सिंक झालेली नसेल तर चुकीची वेळच तिथे कोरली जाईल. अनेकजण ही पायरी सगळ्यात आधी करतात आणि पुढच्या बूटला गोंधळ दुप्पट होतो.

आता विंडोजची बाजू. मदरबोर्डवर यूटीसी लिहिली आणि विंडोजला सांगितले नाही, तर तो तिथली यूटीसीच स्थानिक वेळ समजेल आणि दोन तास मागे जाईल. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘एचकेईवाय लोकल मशीन’खाली सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन असे उतरत जा. तिथे ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची डीवर्ड नोंद तयार करून तिची किंमत १ ठेवा आणि विंडोज रीबूट करा. नाव सगळे शब्द जोडूनच लिहायचे, मध्ये जागा नको.

काहीजण उलटा मार्ग सुचवतील. विंडोजला हात नको, लिनक्सलाच स्थानिक वेळ वापरू द्या म्हणतील. मी ते सुचवत नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळाला आपल्यातली वेळ हिवाळी आहे की उन्हाळी हे सांगता येत नाही. दोन ऑपरेटिंग सिस्टिम असतील तर तास कुणी सरकवला आणि कुणी नाही याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. टाइमडेटसीटीएल स्वतःच या पद्धतीबद्दल ताकीद छापते. ती गांभीर्याने घ्या.

आता ‘डेट -एस’बद्दल. टाइमसिंकडीला घड्याळ हाताने हलवलेले कळते आणि ती लगेच पुन्हा सर्व्हरला विचारते, म्हणून तुमची वेळ परत मागे गेली. तुमचे नशीब चांगले. तुमच्याकडे सिंकचा जुना प्रोग्राम एनटीपीडी असता तर वेगळेच घडले असते. १००० सेकंदांहून मोठा फरक दिसला की तो ‘इथे काहीतरी मोठे बिघडले आहे’ असे समजून स्वतःच बंद पडतो. एक तास म्हणजे ३६०० सेकंद. मी अनेक वर्षांपूर्वी डेटाबेसच्या एका सर्व्हरवर हीच चूक केली. उन्हाळी वेळ लागल्याच्या रात्री घड्याळ तासभर मागे दिसले, मी ‘डेट -एस’ केले, आकडा बरोबर दिसला आणि मी निघून गेलो. एनटीपीडी त्या रात्री बंद पडला आणि सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आले नाही. रात्रभरातल्या सगळ्या नोंदींवर एक तास पुढचा यूटीसी शिक्का बसला. सकाळी घड्याळ मागे आणल्यावर नव्या नोंदी जुन्यांच्या आधी लागू लागल्या. कोणती नोंद खरोखर आधीची, हे लावायला दोन माणसांचे तीन दिवस गेले. झोन बदलून तीच गोष्ट दहा सेकंदांत झाली असती आणि एकाही नोंदीला धक्का लागला नसता. तेव्हापासून एका तासाची चूक दिसली की मी ‘डेट -एस’ला हात लावत नाही, कितीही घाई असली तरी.

यूटीसी खरोखर चुकलेली असेल, तर ती कशी दुरुस्त होणार हे कोणता डिमन (मागे सतत चालणारा सिंकचा प्रोग्राम) आहे त्यावर अवलंबून आहे. एनटीपीडी घड्याळाचा वेग हळूहळू बदलून फरक भरून काढतो तेव्हा त्याची मर्यादा दहा लाखांत ५०० भागांची असते. त्या वेगाने एक तास भरायला ८३ दिवस लागतील. क्रॉनी या दुसऱ्या डिमनची मर्यादा बरीच मोठी आहे, मूळ सेटिंगमध्ये १२ सेकंदांत एक सेकंद. तरीही एका तासाला १२ तास लागतात. लिनक्सच्या अनेक वितरणांत क्रॉनीच्या सेटिंग फाइलमध्ये ‘मेकस्टेप १.० ३’ अशी ओळ असते. तिचा अर्थ, सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन मापनांतच एक सेकंदाहून मोठा फरक उडी मारून भरायचा, नंतर नाही. म्हणून आठवडाभर चालू असलेल्या मशीनवर कुणी तास हलवला तर क्रॉनी तो लगेच परत आणत नाही, आणि लोकांना ते बिघडल्यासारखे वाटते. अशा वेळी ‘क्रॉनीसी ट्रॅकिंग’ने फरक पाहा, ‘क्रॉनीसी सोर्सेस’मध्ये एका ओळीपुढे तारा आहे का पाहा, आणि असेल तर ‘क्रॉनीसी मेकस्टेप’ द्या. तारा कुठेच नसेल तर प्रश्न नेटवर्कचा आहे. फायरवॉलमध्ये यूडीपीचा पोर्ट १२३ अडला आहे का ते आधी बघा.

टाइमझोनचे नाव बरोबर आहे, यूटीसीही बरोबर आहे, तरी एक तास चुकतो, असेही होते. तेव्हा नियमांचा संच, म्हणजे टीझेडडेटा हे पॅकेज, जुने असते. तुमच्या बाबतीत मला ही शक्यता कमी वाटते. जर्मनीचा नियम १९९६ पासून तोच आहे, कितीही जुना संच असला तरी बर्लिन बरोबर येईल. पण सगळीकडे अशी स्थिरता नाही. मेक्सिकोने बहुतेक भागांत २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बंद केली. जॉर्डन आणि सीरियाने त्याच वर्षी घड्याळ मागे घेण्याच्या ऐन तोंडावर वर्षभर उन्हाळीच वेळ ठेवायचे ठरवले. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये घड्याळ पुढे न्यायला जेमतेम काही दिवस उरले असताना सरकारने ते महिनाभर लांबवले आणि गदारोळ झाल्यावर निर्णय फिरवला. टीझेडडेटा सांभाळणाऱ्यांनी २०२३बी ही आवृत्ती काढली आणि लागलीच तो बदल मागे घेणारी २०२३सी काढावी लागली. त्या आठवड्यात ज्याने ‘बी’ बसवून ‘सी’ राहू दिली, त्याच्याकडे ‘एशिया/बैरुत’चे घड्याळ चुकले. हे काम करणारे मोजके लोक आहेत आणि त्यांच्या कामावर जगभरची घड्याळे चालतात. ते पॅकेज अपडेटमधून वगळू नका.

नियम तपासायला ‘झेडडंप -व्ही यूरोप/बर्लिन’ चालवून त्यातून २०२६ च्या ओळी ग्रेप करा, म्हणजे शोधून काढा. २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर, दोन्ही यूटीसी १ वाजता, असे दिसले तर नियम ठीक. मग तीच कमांड /ईटीसी/लोकलटाइम या फाइलवर चालवा. दोन्हींत फरक आला तर ती फाइल सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा) आहे की कुणी कधीतरी केलेली कॉपी, ते ‘एलएस -एल’ने पाहा. कॉपी असेल तर पॅकेज कितीही अपडेट झाले तरी ती जुनीच राहते.

झोन बदलल्यावर एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात. जे प्रोग्राम आधीपासून चालू आहेत त्यांपैकी अनेकांनी झोनची फाइल सुरू होतानाच वाचून ठेवलेली असते. टर्मिनलमध्ये वेळ बरोबर आणि सर्व्हिसच्या लॉगमध्ये तासभर मागे, असे दिसले तर ती सर्व्हिस रीस्टार्ट करा. ठरलेल्या वेळी कामे चालवणारा क्रॉन तर नक्कीच करा. घरच्या मशीनवर सरळ रीबूट केलेले बरे. जावाकडे नियमांची स्वतःची प्रत असते, ती वेगळी अपडेट करावी लागते.

कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच मशीनवर वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, घड्याळ वेगळे नसते, कर्नल एकच आहे. पण ज्यांवरून कंटेनर बनतात त्या अनेक छोट्या इमेजमध्ये टीझेडडेटाच नसतो. तिथे ‘टीझेड’ या व्हेरिएबलमध्ये यूरोप/बर्लिन लिहिले तरी लायब्ररी काहीही तक्रार न करता यूटीसी दाखवते. नावात एक अक्षर चुकले तरी तसेच. ओळखायची खूण अशी की ‘डेट’च्या उत्तरात झोनच्या जागी ‘सीईएसटी’ (जर्मनीची उन्हाळी वेळ) याऐवजी ‘यूरोप’ असा शब्द येतो. तो दिसला की समजा, नियम सापडलेले नाहीत. तुमच्या शेलच्या सेटिंग फाइलमध्येही असे ‘टीझेड’ लिहून ठेवलेले नाही ना, ते ‘एको $टीझेड’ने पाहून घ्या. ते असेल तर टाइमडेटसीटीएल काहीही म्हणो, त्या टर्मिनलपुरते तेच चालते.

रात्री २ ते ३ च्या दरम्यान बॅकअपसारखे काही लावले असेल तर ते हलवा. मार्चमध्ये हा तास येतच नाही आणि ऑक्टोबरमध्ये दोनदा येतो. डेबियनचा क्रॉन तीन तासांपेक्षा लहान उडी ओळखून राहिलेले काम लगेच करतो आणि परत आलेल्या तासात ठरावीक वेळेचे काम दुसऱ्यांदा करत नाही. पण दुसरा शेड्यूलर तसे करेलच याची हमी नाही. सर्व्हर असेल तर त्याचा झोन यूटीसी ठेवून वापरणाऱ्यालाच आपापली वेळ दाखवावी, हे माझे ठाम मत आहे. घरच्या मशीनला त्याची गरज नाही.

सगळे झाल्यावर ऑक्टोबरपर्यंत वाट न पाहता तपासता येते. ‘डेट -डी @१७७४७४५९९९’ आणि ‘डेट -डी @१७७४७४६०००’ या दोन कमांड द्या. पहिलीने १:५९:५९ आणि दुसरीने ३:००:०० दाखवले की झोन बसला. मग एकदा विंडोजमध्ये जाऊन या, लिनक्स सुरू करा आणि नेटवर्क जोडण्याआधीच ‘डेट -यू’ पाहा. तेव्हाही यूटीसी बरोबर असेल तर मदरबोर्डवरचे घड्याळही बसले. त्यानंतरही तासाचा फरक राहिला, तर ‘टाइमडेटसीटीएल’चे पूर्ण उत्तर, ‘एलएस -एल /ईटीसी/लोकलटाइम’ आणि /ईटीसी/ॲडजटाइम या फाइलची तिसरी ओळ पाठवा. त्या ओळीत यूटीसी आहे की लोकल, त्यावरून पुढचे सांगता येईल.